अडीच तासांची वाट

"डांबरी रस्ता बायकांसाठी आणि बँकवाल्यांसाठी!" मरहून बिन सैफने गावच्या बैठकीत, मजलिसमध्ये, जाहीर केलं. "चार तास डोंगराला प्रदक्षिणा घालायची कशाला? मी वादीतून, नदीच्या कोरड्या पात्रातून, सरळ उतरतो. अडीच तास! दुपारी जोहरच्या नमाजाला नाखवा बखीतच्या दारात!"

मजलिसमध्ये बसलेल्या सतरा जणांनी माना डोलावल्या. त्यातल्या सोळा जणांना ठाऊक होतं की दहा दिवसांपूर्वी डोंगरात पाऊस पडलाय आणि वादीचा तळ खिरीसारखा झालाय. कुणी बोललं नाही. डोंगरातल्या इब्रा गावात माणसाला तोंडावर मूर्ख म्हणत नाहीत. ते सिद्ध होईपर्यंत त्याला कॉफी पाजत राहतात.

मरहून बलदियात, म्हणजे नगरपालिकेत, रस्त्यावरच्या दिव्यांच्या खात्यात होता. बावीस वर्षं त्याने खात्याची जीप चालवली होती. खांबापासून खांबापर्यंत. मध्ये डांबर. पण बावीस वर्षं म्हणजे बावीस वर्षं! एवढ्या काळात माणसाला काही आलं नाही तरी आत्मविश्वास येतोच.

काम नाजूक होतं. त्याचा धाकटा भाऊ थुवैनी शाळेत गणित शिकवायचा. राजधानीत कॉलेजात असताना त्याची आणि रय्याची ओळख झाली. रय्या किनाऱ्यावरच्या खोर सिदर गावची, नाखवा बखीतची मुलगी. दोघांना लग्न करायचं होतं, दोघांनी घरी सांगितलं होतं, बायकाबायकांचं बोलणंही झालं होतं. राहिली होती पुरुषांची रीतसर मागणी. म्हणजे सगळं काम झालं होतं आणि फक्त बिघडवायचं बाकी होतं.

नाखवाने निरोप धाडला होता: "गुरुवारी दुपार कलायच्या, अस्रच्या आत या. दिवस बुडाल्यावर, मगरिबनंतर, बर्फाच्या कारखानदाराची माणसं येणार आहेत, त्यांनीही विचारलंय. पोरीचं मन मला माहीत आहे. पण डोंगरातली माणसं शब्दाला वेळेवर पोचतात की नाही, ते एकदा बघू."

चाळीस वर्षं जहाज हाकलेला माणूस तो. भरती-ओहोटीच्या हिशेबाने जेवायचा, भरती-ओहोटीच्या हिशेबाने झोपायचा. त्याला उशीर म्हणजे पाप वाटायचं.

गुरुवारी सकाळी साडेसातला जीप निघाली. पुढे मरहून, कडक इस्त्रीचा पांढरा अंगरखा, डोक्याला शाल गुंडाळलेली, कमरेला चांदीचा खंजीर. शेजारी थुवैनी, तसाच पोशाख, चेहरा परीक्षेला बसलेल्या पोरासारखा. मागे मरहूनची बायको जुवैना, तिच्या मांडीवर हलव्याचं मोठं भांडं. त्याच्या मागे नाखवासाठी भेट म्हणून नेलेला बकरा. चौघांत सर्वांत निवांत बकराच होता.

वादीच्या तोंडाशी डांबर संपलं. जुवैना नवऱ्याला रिवाजाप्रमाणे मुलाच्या नावाने, "अबू हिलाल", म्हणजे हिलालचा बाप, अशी हाक मारायची. ती म्हणाली, "अहो अबू हिलाल, टायरमधली हवा कमी करा. माझे मामा वाळूत शिरण्याआधी नेहमी करायचे."

"तुझे मामा मासे पकडायचे!"

"हो, पण गाडी घेऊन घरी यायचे."

"हवा कमी करतात ते नवशिके," मरहून म्हणाला आणि गिअर टाकला.

पहिला तासभर तोच खरा ठरला, हे सांगितलं पाहिजे. दोन्हीकडे उभे कडे, मधून गोट्यांची वाट, कुठे खजुराची चार झाडं, कुठे हिरव्या पाण्याचं डबकं. जीप उड्या मारत गेली. प्रत्येक उडीला मरहून म्हणायचा, "बघितलंस?" आणि थुवैनीचं डोकं छताला लागायचं.

साडेनवाला एका वळणावर सपाट, गुळगुळीत, राखाडी मैदानासारखा तुकडा लागला. रस्त्यापेक्षाही छान! मरहूनने वेग वाढवला. जीप वीसएक पावलं गेली आणि उंट बसतो तशी बसली. आधी पुढून, मग मागून. वरून सुकलेली साय आणि खाली चिखल. त्याने जोरात ॲक्सिलरेटर दाबला, तशी चाकं आणखी खोल गेली. मागच्या काचेवर चिखलाची रांगोळी उमटली. शेवटी गाडीचं पोट जमिनीला टेकलं आणि इंजिन बंद पडलं.

बकरा एकदा ओरडला.

"हवा," जुवैना म्हणाली. एवढंच म्हणाली.

फोनला रेंज नव्हती. फावडं घरी होतं. दोर घरी होता. कारण फावडं आणि दोर कोण नेतं? ज्याला रुतायचं असतं तो!

"काही नाही," मरहून म्हणाला. "या वाटेने लोक जातात. कुणीतरी येईल."

आणि आलंही! अर्ध्या तासात सुवैलिम नावाचा म्हातारा मेंढपाळ त्याची पिकअप घेऊन कडेच्या गोट्यांवरून आला. मागे चाऱ्याच्या पेंढ्या. तो थांबला, उतरला, नाकाला नाक लावून भेटला.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. या मुलखात रस्त्यात माणूस भेटला की लगेच कामाचं बोलत नाहीत. आधी सलाम. मग तब्येत. मग पोरंबाळं, उंट, पाऊस. मग प्रश्न येतो, "काय खबर?" त्यावर उत्तर एकच: "खबर नाही." घर जळालं असलं तरी आधी "खबर नाही". मग कॉफी. आणि कॉफी झाल्यावर, खबर असलीच, तर ज्याची त्याने सांगायची. खोदून विचारणं असभ्य. हे शहाण्या माणसांनी केलेलं आहे. संकटातही माणसाने दम खावा म्हणून. पण शहाण्यांनी केलेली रीत मूर्खाच्या हाती लागली की काय होतं, ते पुढे आहे.

"काय खबर?" सुवैलिमने विचारलं.

"खबर नाही," मरहून म्हणाला. "अल्लाहची कृपा. तुमच्याकडे?"

"खबर नाही."

मरहूनने थर्मास काढला. म्हाताऱ्याने खजूर खाल्ला, तीन वाट्या कॉफी घेतली, चौथीला वाटी हलवून पुरे म्हणाला. मग त्याने आकाशाकडे पाहिलं. कड्याकडे पाहिलं. पोटापर्यंत चिखलात बसलेल्या जीपकडे मात्र इतक्या कसोशीने पाहिलं नाही, की जणू तिथे कुणाची बायको आंघोळ करतेय. मरहूनला वाव द्यावा म्हणून तो तब्बल पाच मिनिटं गप्प बसला.

मरहूनने तोंड उघडलं. "यंदा..." तो म्हणाला, "यंदा चारा बरा आहे."

"बरा आहे," सुवैलिम म्हणाला. उठला. गेला.

"तोंडात खजुराची बी अडकली होती का?" जुवैनाने विचारलं.

"सांगणारच होतो! म्हाताऱ्याला घाई होती."

"दादा, तो पाच मिनिटं नुसता बसला होता," थुवैनी म्हणाला.

"तुला काय कळतं? मेंढपाळ तो! उद्या बाजारात सांगेल, बलदियाचा मरहून, बावीस वर्षं गाडी चालवणारा, लहान मुलासारखा चिखलात बसलाय! माझी इज्जत काय राहील?"

ही इज्जत नक्की कुठे ठेवलेली असते, ते मला आजवर कुणी दाखवलेलं नाही. पण ती वाचवायला माणूस बायको, भाऊ, गाडी सगळं चिखलात घालतो, हे मी पाहिलं आहे. मरहूनने काय केलं? जीपच्या कडेने चटई पसरली. चाकांवर जुवैनाची शाल टाकली. थर्मास, खजूर, वाट्या नीट मांडल्या. लांबून पाहिलं तर वाटावं, कुटुंब सहलीला आलंय!

"वा!" जुवैना म्हणाली. "आता दिवे पण लावा. तेवढंच काम येतं तुम्हाला."

अकराच्या सुमाराला दुसरी गाडी आली. काय गाडी होती! टपावर दोन फावडी, लोखंडी पट्ट्या, आणि मनगटाएवढा जाड दोर. तिच्यात दोन भाऊ होते, गुबैश आणि शिनून, खास वाद्या तुडवायला निघालेले. थुवैनीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काय खबर?"

"खबर नाही! बसा, बसा. सावलीत बसलोय जरा."

सावली कुठेच नव्हती. दोघे बसले. कॉफी झाली, खजूर झाले. दोघांनी चाकांवरच्या शालीकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं, आणि सभ्य माणसांप्रमाणे पावसाबद्दल बोलले. बोलता बोलता बारा वाजत आले. आणि जेवणाच्या वेळेला चटईवर पाहुणा असेल, तर त्याला खजुरावर घालवणारा माणूस इब्रामध्ये अजून जन्मला नाही.

"जेवल्याशिवाय जायचं नाही!" मरहून म्हणाला. शब्द तोंडातून गेले आणि मग त्याला आठवलं की आपल्याकडे जेवायला काही नाही.

तेवढ्यात बकरा ओरडला.

"दादा!" थुवैनीने त्याची बाही धरली. "तो नाखवाचा आहे!"

"नाखवाला दुसरा घेऊ."

"कुठून? चिखलातून?"

"पाहुण्यांसमोर हळू बोल!"

बकरा कापला गेला. निखाऱ्यांसाठी खड्डा हवा होता. गुबैशने टपावरचं फावडं काढलं आणि रुतलेल्या चाकापासून चार पावलांवर, मऊ मातीत, दहा मिनिटांत गुडघाभर खड्डा खणला. असा सुरेख खड्डा! तेवढीच माती चाकाखालून निघाली असती, तर सगळे नाखवाकडे अस्रच्या आत पोचले असते. थुवैनी त्या फावड्याकडे असा बघत होता, जसा उपाशी माणूस दुसऱ्याच्या ताटाकडे बघतो.

"काही लागतंय का?" शिनूनने विचारलं. मुद्दाम सावकाश विचारलं. "काहीही? आमच्याकडे सगळं आहे."

मरहूनच्या कपाळावर घाम आला. ओठ हलले. परक्या पुरुषांमुळे खडकाआड बसलेली जुवैना मान लांब करून ऐकू लागली.

"मीठ," मरहून म्हणाला. "चिमूटभर मीठ असलं तर."

शिनूनने मीठ दिलं. मांस उत्तम झालं. दोघांनी पोटभर खाल्लं, हात धुतले, दुवा दिली, फावडं पुसून टपावर बांधलं आणि दीड वाजता निघून गेले.

"भावजी," जुवैना म्हणाली, "बर्फवाल्याचा मुलगा दिसायला कसा आहे हो?"

थुवैनी गुडघ्यावर बसून हातांनी चिखल उपसायला लागला. अंगरख्याची इस्त्री गेली, रंग गेला. तो जेवढं काढायचा तेवढं परत भरायचं.

"असं कुणी पाहिलं तर काय म्हणेल?" मरहून ओरडला.

"म्हणेल, गाडी रुतली आहे!"

अडीच वाजता खालच्या बाजूने, समुद्राकडून, एक जुनी पिकअप आली. आतून एक वाळलेला, ताठ, पांढऱ्या दाढीचा माणूस उतरला. थुवैनी उठून उभा राहिला आणि त्याला कुठे लपावं ते कळेना. नाखवा बखीत!

"सलाम," नाखवा म्हणाला.

"सलाम, सलाम!" मरहूनचा आवाज शिट्टीसारखा आला. "तुम्ही इकडे कुठे?"

"फिरत आलो. काय खबर?"

मरहूनने चटईची सुरकुती सरळ केली.

"खबर नाही," मरहून म्हणाला.

नाखवा चटईवर बसला. कॉफी संपत आली होती, गाळ होता, तो प्यायला. सोबत काही गोड द्यायला हवं. खजूर संपले होते. मरहूनने हात मागे केला आणि मांडीवरून पोर काढून द्यावं तसा जुवैनाने हलवा दिला. नाखवाने झाकण उघडलं, तीन बोटांनी घेतला, खाल्ला. "चांगला आहे. कुणासाठी नेताय?"

"असाच," मरहून म्हणाला. "वाटेत लागतो."

नाखवा शांतपणे खात राहिला. मग त्याने सावली पाहिली. "अस्र झाली," तो म्हणाला. तिघांनी तिथेच नमाज पढला. नाखवाने चपला घातल्या. "येतो मग. संध्याकाळी घरी पाहुणे आहेत." आणि तो पिकअपकडे चालू लागला.

थुवैनीने भावाकडे पाहिलं. मरहून हात हलवून निरोप देत होता! तोंडभर हसून!

"थांबा!" थुवैनी किंचाळला. "काका, थांबा! खबर आहे!"

नाखवा वळला.

"गाडी साडेनवापासून रुतली आहे. आमच्याकडे दोर नाही, फावडं नाही. तुमच्यासाठी आणलेला बकरा दोन अनोळखी माणसांनी खाल्ला. तुमच्यासाठी आणलेला हलवा तुम्हीच खाल्लात. माझा अंगरखा असा नव्हता. आणि मला रय्याशी लग्न करायचंय!"

मरहूनने डोळे मिटून घेतले.

नाखवाने पिकअपच्या सीटखाली हात घातला आणि दोर काढला. नवा कोरा, जहाजावरचा.

"दोर होता?" मरहूनचे डोळे उघडले.

"सुवैलिमने दुपारी चारा उतरवताना सांगितलं. म्हणाला, वर वादीत एक माणूस पोटापर्यंत बुडालाय आणि कॉफी वाटतोय. मी म्हटलं, हे माझेच पाहुणे असणार."

"मग बोलला का नाहीत?"

"तू यजमान, मी पाहुणा. पाहुण्याने यजमानाच्या चाकांकडे बघायचं नसतं." नाखवाने गाठ मारली. "माझ्या जहाजावर एक खलाशी होता. तळाला भोक पडलं, ते चादरीने झाकून ठेवलं त्याने. चांगला पोहायचा, म्हणून वाचला." मग तो थुवैनीकडे वळला. "अस्रला भेट झाली, ती मी धरली. पण मागणी घरात, गावासमोर, आणि थोरल्या भावाच्या तोंडून व्हायला हवी. मगरिबच्या आत. बर्फवाल्यांनाही मी शब्द दिलाय. ते आले की त्यांचं ऐकावं लागेल, आणि मग गाव त्यात पडेल. माझ्या मागून या. कच्च्या रस्त्याने. किनाऱ्यावर गाडी घालू नका, भरती आहे."

टायरमधली हवा काढली, एका हिसक्यात जीप बाहेर आली, आणि सगळे निघाले.

इथेच गोष्ट संपायला हवी होती. शहाण्या माणसाची संपली असती.

वादी संपून समुद्र दिसला. कच्चा रस्ता डावीकडून टेकडी चढून जात होता, नाखवाची पिकअप त्यावर धुरळा उडवत पुढे गेली. उजवीकडे किनारा. ओली, सपाट, कडक वाळू. थेट गावापर्यंत. दहा मिनिटं!

"नाही," जुवैना म्हणाली.

"मी काही बोललो का?"

"तुमचे कान लाल झाले."

"त्याच्या आधी दारात उभा राहतो की नाही बघ!" मरहून म्हणाला. "मागून ओढत आणलेला पाहुणा म्हणून मी मागणी घालू? आता हवा पण कमी आहे!"

हवा कमी होती, हे खरं. जीप किनाऱ्यावरून अशी धावली की समुद्रपक्षी उडाले. गाव दिसलं, पांढरी घरं, उलट्या ठेवलेल्या होड्या, नाखवाच्या दारातली माणसं. पाचशे पावलं उरली. तीनशे. आणि खाडीचं तोंड आलं, जिथे वाळू दिसायला वाळू असते आणि आतून दही.

उंट बसतो तशी. आधी पुढून, मग मागून.

पहिल्या लाटेने टायर धुतले. दुसरीने दारं. तिसऱ्या लाटेला तिघंही गाडीवर होते: जुवैना टपावर, थुवैनी तिच्या शेजारी, मरहून बॉनेटवर, खंजिरावर हात ठेवून, नाणेफेकीला उभा राहिलेल्या कप्तानासारखा. त्याची एक चप्पल इराणच्या दिशेने निघाली होती.

सगळं गाव किनाऱ्यावर आलं. बायका गच्च्यांवर आल्या. त्यात रय्याही होती, तोंडावर पदर धरून, आणि तिचे खांदे हलत होते. चार चकचकीत गाड्याही येऊन थांबल्या. बर्फवाले. वेळेच्या आधीच, डांबरी रस्त्याने.

नाखवा पाण्याच्या काठाशी आला. दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडला, "काय खबर?"

मरहूनने गावाकडे पाहिलं. बर्फवाल्यांच्या कोरड्या चपलांकडे पाहिलं. सूर्य डोंगरापासून दोन बोटं वर होता.

"खबर..." तो म्हणाला.

टपावरून जुवैना वाकली. "अबू हिलाल, यावेळी मीठ मागितलंत तर समोर भरपूर आहे!"

मरहूनने आवंढा गिळला. बावीस वर्षांचा आवंढा होता तो, उतरायला वेळ लागला.

"खबर आहे!" तो ओरडला. "रुतलोय! सकाळीही रुतलो होतो! मला वाळूत गाडी चालवता येत नाही! आणि नाखवा, माझ्या भावासाठी तुमच्या मुलीचा हात मागतोय! गावासमोर! आत्ता!"

नाखवाने सावकाश मान हलवली. मग तो वळला, घराकडे गेला आणि दिसेनासा झाला. पाणी जीपच्या दिव्यांपर्यंत आलं.

नाखवा परत आला तो अंगरखा गुडघ्याच्या वर खोचून, एका हातात कॉफीची किटली आणि दुसऱ्या हातात वाटी धरून. कमरेएवढ्या पाण्यातून तो बॉनेटपाशी पोचला.

"काका," थुवैनी टपावरून कळवळून म्हणाला, "उत्तर काय?"

"खबर कॉफीनंतर," नाखवा म्हणाला. "आमच्यातही रीत आहे." आणि त्याने वाटी भरली.

मरहूनने पहिली घेतली. दुसरी घेतली. पाणी त्याच्या घोट्यांना लागलं होतं. तिसऱ्या वाटीनंतर नाखवा म्हणाला, "दिली." गच्चीवरून बायकांचा जल्लोष उठला, आणि बर्फवाल्यांनी, माणसं चांगली होती, दोर आणला.

जीप मात्र दुसऱ्या दिवशी ओहोटीला निघाली. तिच्या पुढच्या खणात तीन खेकडे सापडले.

पुढच्या आठवड्यात इब्राच्या मजलिसमध्ये सतरा जण जमले होते. मरहून आला, नवी चप्पल काढून बसला. कॉफी फिरली. सगळ्यांना सगळं आधीच कळलेलं होतं. सुवैलिम चारा घेऊन परवाच येऊन गेला होता. पण सभ्य माणसं ती, कुणी खोदलं नाही. एकाने फक्त विचारलं, "वादीची वाट कशी काय? काय खबर?"

कोपऱ्यात थुवैनी हसू दाबत जमिनीकडे बघत होता. मरहूनने वाटी हलवली.

"खबर नाही," तो म्हणाला. "अडीच तास लागतात."